लावा पाळा, पण आधी वही उघडा

(सोयगाव येथे तालुक्यातील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



कपाशी आणि ज्वारीच्या शेतकऱ्यांची बैठक, आणि तिच्यात मुठीत मावेल एवढ्या पाखरावर बोलायचे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या काही वर्षांत गावोगाव हा विषय निघतो. कुणाच्या पोराने मोबाईलवर पाहिलेले असते. कुणाच्या दारी एखादा सुटाबुटातला माणूस येऊन गेलेला असतो. तो म्हणतो, "जागा लागत नाही, दीड महिन्यात अंडी सुरू, रोगराई नाही, पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ." कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दिवाळी ते होळी या काळात जो पैसा दिसतो तेवढाच. त्यामुळे असे बोलणे कानाला गोड लागते.

मी तुम्हाला लावा पाळू नका असे सांगायला उभा नाही. पाळावा. हौसेने पाळावा. पोराबाळांना अंड्यातून पिल्लू कसे निघते ते घरात दिसावे, घरच्या बाईच्या हाती चार पैसे यावेत, यात वाईट काही नाही. पण पाखरू लहान असले तरी त्याचा हिशोब लहान नसतो. तो हिशोब आज आपण मांडून पाहू. आधी पाखरू समजून घेऊ, मग ते उबवायचे कसे आणि सांभाळायचे कसे ते पाहू, आणि शेवटी आकड्यांकडे येऊ.

शिवारातला लावा आणि पिंजऱ्यातला लावा

लावा आपल्याला नवीन नाही. ज्वारीच्या धसकटातून चालताना पायाजवळून भुर्रकन उडतो आणि पन्नास पावलांवर पुन्हा गवतात बुडी मारतो, तोच हा. कुणी त्याला बटेर म्हणतात. आपल्या भागात त्याच्या अनेक जाती आहेत. करडा लावा हिवाळ्यात उत्तरेकडून येतो. पावसाळी लावा पहिल्या पावसानंतर गवतात ओरडू लागतो. अजिंठ्याच्या डोंगराच्या उतारावर, झुडपी रानात, थव्याने राहणारा रानलावा वेगळाच. चरक आणि सुश्रुतांच्या काळापासून लाव्याचे मांस पचायला हलके म्हणून सांगितलेले आहे. म्हणजे माणसाची त्याच्यावर नजर फार जुनी आहे.

पण हे सगळे रानातले लावे आपल्या पिंजऱ्यासाठी नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना धरणे, मारणे, विकणे, त्यांची अंडी उचलून आणणे हा गुन्हा आहे. निंदणी करताना बांधाच्या कडेला घरटे सापडले, चार-सहा ठिपक्यांची अंडी दिसली, की "आणा घरी, कोंबडीखाली ठेवू" असे मनात येते. आणू नका. कायद्याचे एक झाले. दुसरे असे की ती पिल्ले पिंजऱ्यात जगत नाहीत. तिसरे, तो शिवारातला लावा तणाचे बी आणि किडे वेचून तुमचेच काम करतो आहे, आणि त्याची मजुरी मागत नाही.

घरी पाळायचा तो जपानी लावा. जपानमध्ये हा पक्षी शेकडो वर्षांपूर्वी त्याच्या आवाजासाठी पाळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या लोकांनी अंड्यांसाठी त्याची निवड केली. भारतात तो १९७४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियाहून उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला. तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे अनेक वाण तयार केले. शोभेसाठी ज्यांना हवा त्यांच्यासाठी त्यांत रंगही आहेत. 'कॅरी श्वेता' पांढरा आहे, 'कॅरी सुनहरी' सोनेरी आहे, आणि 'कॅरी पर्ल' अंड्यांसाठी नावाजलेला आहे. तमिळनाडूत नंदनम येथेही वाण झाला.

परदेशी चित्रफितींत याहूनही लहान, निळ्या छातीचा, पन्नास ग्रॅमच्या आतला एक लावा दिसतो. शोभेच्या पक्ष्यांत त्याचे मोठे कौतुक आहे. पण तो आपल्या देशातला रानपक्षीही आहे. त्यामुळे "हा घ्या, परदेशी आहे" असे कुणी म्हणाले तरी त्याच्या वाटेला जाऊ नये. शोभा हवी तर पांढरा आणि सोनेरी जपानी लावा पुरेसा देखणा आहे.

जपानी लाव्याच्या बाबतीतही कायद्याचा एक घोळ झाला होता. कायद्यात नुसता लावा असा शब्द असल्याने २०११ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नवीन लावापालनाला परवानगी देणे थांबवले. ज्यांनी पिंजरे बांधले होते ते अडकले. पुढे हे निर्बंध उठले. यातून घ्यायचा धडा एवढाच की पक्षी किंवा अंडी जिथून घ्याल तिथली पावती घ्या, तिच्यावर 'जपानी लावा' असे लिहून घ्या आणि ती जपून ठेवा. आणि पाळलेला जपानी लावा कंटाळा आला म्हणून शिवारात सोडू नका. रानातल्या लाव्याशी त्याचा संकर होतो आणि मूळ जात बिघडते. युरोपात हे झालेले आहे.

अंड्यावर बसायला विसरलेली आई

जपानी लाव्याची मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडे देऊ लागते. अंडे दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच अंडी मिळून एक कोंबडीचे अंडे. अंडी देईल वर्षाला अडीचशे ते तीनशे, पण त्यावर बसणार मात्र नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून, माणसाने उबवून, ती खुडूक व्हायचेच विसरली आहे. म्हणून उबवण्याचे काम आपल्यावर येते.

दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे खुडूक कोंबडी. हलक्या अंगाची, शांत स्वभावाची गावरान कोंबडी निवडावी. तिच्याखाली पंधरा-वीस अंडी बसतात. जड कोंबडीखाली ही पातळ टरफलाची अंडी फुटतात. कोंबडीची स्वतःची अंडी एकवीस दिवसांनी फुटतात, लाव्याची सतरा-अठरा दिवसांनी. म्हणून दोन्ही अंडी एकत्र ठेवू नयेत. आणि पिल्ले निघाली की लगेच बाजूला घ्यावीत. सहा-आठ ग्रॅमचे पिल्लू म्हणजे एखाद्या भुंग्याएवढा जीव; कोंबडीचा पाय पडला तर संपले. शिवाय कोंबडीचे रोग त्यांना लागतात.

दुसरी वाट पेटीची. थर्माकोलची जाड पेटी, आत बल्ब, तापमान राखणारा स्वयंचलित खटका, छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि तापमापक. बल्ब जुना, तारेचा, पिवळा हवा. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. आत पंखा असेल तर तापमान साडेसदतीस अंश सेल्सियस ठेवावे. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला साडेअडतीसच्या आसपास ठेवावे. तापमापक कोपऱ्यात टांगून उपयोग नाही, तो अंड्यांच्या शेजारी हवा. अंडी भरण्याआधी पेटी रिकामीच एक दिवस चालवून पाहा.

अंडी निवडताना फार मोठी, फार लहान, तडा गेलेली, घाण लागलेली सोडून द्या. अंडी धुऊ नका. धुतल्याने टरफलावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि घाण आत शिरते. घातलेले अंडे सात दिवसांच्या आत पेटीत जावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो. अशा उन्हाळ्यात घरात ठेवलेल्या अंड्यातले बीज अर्धवट वाढू लागते आणि मरते. म्हणून उन्हाळ्यात ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात, कोरड्या टोपलीत अंडी ठेवावीत आणि तीन-चार दिवसांतच पेटीत भरावीत. शक्य असेल तर पहिली उबवणी दिवाळीनंतरच करावी.

अंड्याची निमुळती बाजू खाली ठेवा. आडवी ठेवणार असाल तर एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला शून्य काढा, आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा उलटवा. विषम संख्या का? म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज त्याच बाजूवर जात नाही. सातव्या-आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत चांगल्या बॅटरीच्या उजेडावर अंडे धरून पाहा. ठिपक्यांमुळे नीट दिसत नाही, पण लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे. अगदी स्वच्छ दिसले तर काढून टाका. चौदाव्या दिवसानंतर उलटवणे बंद करा. आता पाण्याची वाटी एकाऐवजी दोन ठेवा. शेवटच्या तीन दिवसांत हवेत ओल जास्त लागते, नाही तर पिल्लू पडद्यात सुकून अडकते.

सतराव्या दिवशी टोचे पडू लागतील. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना एकच नियम सांगा: झाकण उघडायचे नाही. पोटात राहिलेल्या बलकावर पिल्लू एक दिवस सहज काढते. अंग सुकले, उभे राहिले, की मग बाहेर घ्या.

"आमच्याकडे लाईट जाते, त्याचे काय?" हा प्रश्न येणारच. लाईट गेली तर पेटीवर गोधडी टाका, हवेची भोके थोडी मोकळी राहू द्या. दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा. अंड्यातला जीव काही तासांची थंडी सोसतो, पण चाळीस अंशांच्या वरची उष्णता फार वेळ सोसत नाही. म्हणून घाबरून निखाऱ्याची शेगडी जवळ आणू नका. १९९० च्या मार्च महिन्यात सोव्हिएत संघाच्या मीर अवकाशस्थानकात जपानी लाव्याची अंडी उबवून पिल्ले काढली होती. तिथे त्यांना उभे राहायला जमीनच नव्हती, म्हणून पिल्ले खाऊ-पिऊ शकली नाहीत. आपल्याकडे जमीन आहे. विजेचेच तेवढे सांभाळायचे.

पहिले तीन आठवडे

लाव्यात मरतूक होते ती मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत, आणि तिची कारणे नेहमीची तीन-चार असतात.

पहिले कारण थंडी. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला पस्तीस ते सदतीस अंश ऊब हवी. पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत जा. तापमापक नसला तरी पिल्ले सांगतात. बल्बखाली ढीग करून चिवचिवली तर थंडी आहे. दूर कडेला जाऊन चोच उघडून बसली तर गरम होते आहे. सगळीकडे पसरून खात असली तर बरोबर आहे.

दुसरे कारण पाणी. वाटी उघडी ठेवली तर पिल्लू तिच्यात पडून मरते. उथळ ताटली घ्या, तिच्यात गोट्या किंवा धुतलेले खडे भरा, चोच जाईल एवढेच पाणी दिसू द्या.

तिसरे कारण घसरण. वर्तमानपत्राच्या गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि पिल्लू कायमचे लंगडे होते. खाली गोणपाट टाका.

चौथे कारण मुंग्या, उंदीर आणि मांजर. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. वरून जाळी घट्ट बसवा. रात्री एकदा उठून पाहा.

तिसऱ्या आठवड्यात नर-मादी ओळखू येतात. नराची छाती तांबूस आणि साधी. मादीची छाती करडी, तिच्यावर काळे ठिपके. पांढऱ्या जातीत असे रंगावरून कळत नाही, तिथे नराच्या आरवण्याची वाट पाहावी.

घर कसे असावे

चौदा मोठ्या पक्ष्यांना तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद पिंजरा भरपूर झाला. जाळी अर्ध्या इंचाची हवी, म्हणजे साप, घूस, मुंगूस यांना वाट राहत नाही. उंची नऊ-दहा इंचच ठेवा. दचकलेला लावा सरळ वर उसळी मारतो. उंच पिंजऱ्यात त्याला वेग मिळतो आणि डोके फुटते. छताला आतून गोणपाट ताणून बांधले तर आणखी चांगले. एका कोपऱ्यात फळीवर चुलीची थंड राख आणि कोरडी माती ठेवा. तिच्यात लोळून तो आपले पिसू झटकतो, आणि पाहणाऱ्यांची करमणूकही होते.

उन्हाळ्यात पिंजरा पत्र्याखाली ठेवू नका. कडुनिंबाच्या सावलीत किंवा माळवदाच्या घरात, बाजूला ओले तरट टांगून ठेवा. हिवाळ्यात दिवस अकरा तासांचा होतो आणि मादी अंडी कमी करते. तिला चौदा-सोळा तास उजेड लागतो. संध्याकाळी चार-पाच तास साधा दिवा लावला तर अंडी सुरू राहतात. इथे एलईडी चालतो.

कोंबड्या आणि लावे एकत्र ठेवू नका. लाव्याला सहसा लस द्यावी लागत नाही, पण त्याला रोगच होत नाही हे सांगणे खोटे आहे. बर्ड फ्लूचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या. रोग सापडला की आसपासचे सगळे पाळीव पक्षी नष्ट करतात, मग ते व्यापाऱ्याचे असोत की अंगणातले. म्हणून बाहेरून आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. एकाएकी मरतूक झाली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पक्ष्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा, पोरांनाही धुवायला लावा.

आणखी एक. एकाच आईबापाची पिल्ले आपसात जोडत राहिलात तर लाव्याची फार लवकर वाट लागते. दोन-तीन पिढ्यांतच अंडी पोकळ निघू लागतात. म्हणून एका गावाने दुसऱ्या गावाशी नरांची अदलाबदल करावी. बनोटीचे नर जरंडीला, जरंडीचे फर्दापूरला. यात पैसा लागत नाही, फक्त बोलणे लागते.

कपाशी-ज्वारीवाल्यांनी खाद्यात काय सांभाळावे

आपल्या घरात सरकीची ढेप असते. गाईम्हशीला चालते, म्हणून पक्ष्यालाही टाकावी असे वाटते. टाकू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. पक्ष्याला ते बाधते, अंड्याचा बलक ठेवल्यावर हिरवट पडतो.

ज्वारी मात्र आपली आहे. मक्याच्या जागी ज्वारीचा भरडा चालतो. पांढरी, रब्बीची ज्वारी उत्तम. लाल, तुरट ज्वारीतल्या द्रव्यामुळे प्रथिने अंगी लागत नाहीत. परतीच्या पावसात काळी पडलेली, बुरशी आलेली ज्वारी "माणसाला चालत नाही, पाखराला चालेल" म्हणून घालू नका. पाखरू माणसाहून नाजूक आहे. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले बियाणे तर कधीच नाही. थायरम लावलेले बी पोटात गेले की अंडी मऊ टरफलाची पडतात आणि पिल्लांचे पाय वाकडे होतात.

मोठ्या पक्ष्यासाठी घरी मिसळायचे झाले तर शंभर किलोत ज्वारीचा भरडा ५० किलो, तेल काढलेली सोयाबीन पेंड ३२ किलो, कोंडा ९ किलो, शिंपल्याचा चुरा ७ किलो, खनिज मिश्रण आणि मीठ मिळून २ किलो धरा. यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने बसतात. घरचे कच्चे सोयाबीन भरडून घालू नका, ते पचत नाही. पिल्लांना मात्र चोवीस टक्क्यांहून जास्त प्रथिने लागतात. पहिले तीन आठवडे ब्रॉयलर पिल्लांचे सुरुवातीचे तयार खाद्य बारीक दळून द्या, त्यावर उकडलेले अंडे कुस्करून घाला. बांधावरची वाळवी मिळाली तर पिल्ले तुटून पडतात. फक्त ती फवारणी झालेल्या कपाशीतली नको.

आता हिशोब

आता वही उघडा.

तीस अंडी पेटीत घातली. शंभरात ऐंशी फलित धरली तर चोवीस. घरच्या पेटीत त्यांतली तीन चतुर्थांश फुटली तर अठरा पिल्ले. पहिल्या दोन आठवड्यांत दोन-तीन गेली, राहिली पंधरा. त्यांत निम्मे नर. म्हणजे तीस अंड्यांतून अंडी देणाऱ्या माद्या सात किंवा आठ. ही गोष्ट दारी आलेला माणूस सांगत नाही. तो तीस म्हणजे तीस धरून गुणाकार करतो.

पुढे चला. दहा माद्या आणि चार नर. एक पक्षी रोज पंचवीस ग्रॅम खातो. चौदा पक्षी रोज साडेतीनशे ग्रॅम, महिन्याला साडेदहा किलो. खाद्याचा भाव तुमच्या गावचा धरा. समजण्यासाठी चाळीस रुपये किलो धरू. महिन्याचे चारशे वीस रुपये झाले. दहा माद्यांची रोज साडेसात अंडी धरली तर महिन्याला दोनशे पंचवीस. म्हणजे नुसत्या खाद्याचा खर्च एका अंड्याला एक रुपया सत्याऐंशी पैसे. उबवायचे नसेल तर नर ठेवू नका, मग तोच खर्च एक रुपया तेहतीस पैशांवर येतो.

ही दोनशे पंचवीस अंडी वजनाने कोंबडीच्या पंचेचाळीस अंड्यांएवढी. म्हणजे नर न ठेवताही कोंबडीच्या एका अंड्याएवढा माल पावणेसात रुपयांच्या खाद्यात पडला. उकिरड्यावर चरून येणारी गावरान कोंबडी कमी अंडी देईल, पण तिचा खर्च जवळजवळ नाही. लाव्याला मोकळे सोडता येत नाही, सोडला की गेला. तेव्हा केवळ घरी अंडी खायची असतील तर गावरान कोंबडीच शहाणी.

आणि या हिशोबात अजून एक रकमेचा कॉलम रिकामाच आहे. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. पिंजरा झाडणे, पाणी बदलणे, अंडी गोळा करणे. महिन्याला तीस तास. हे तास कुणाचे? घरच्या बाईचे. कापूस वेचायला गेली असती तर तिला मजुरी मिळाली असती. शेतीचा उत्पादन खर्च काढताना घरच्यांची मजुरी नीट धरावी, म्हणून आपण इतकी वर्षे भांडतो. मग आपल्याच घरात, आपल्याच वहीत ती धरायची नाही, हे कसे चालेल? तीस तासांची मजुरी लिहा. त्यात पिंजरा, पेटी, विजेचे बिल लिहा. आणि मग अंड्याचा, पिल्लाचा, जोडीचा भाव ठरवा.

मग हा व्यवहार कुठे बसतो? तिथे बसतो जिथे अंड्याला अंडे म्हणून नव्हे, वेगळी वस्तू म्हणून गिऱ्हाईक आहे. फर्दापूरला अजिंठा लेण्यांमुळे हॉटेले आहेत. तिथे आधी विचारा की आठवड्याला किती अंडी घ्याल आणि काय भावाने. शोभेच्या पांढऱ्या-सोनेरी जोड्या जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरचे पक्षी विकणारे घेतील का, ते विचारा. उत्तर मिळाल्यावर अंडी पेटीत घाला. आपण नेहमी उलटे करतो. आधी पेरतो, मग बाजाराकडे पाहतो. कपाशीत तसे करायला आपल्याला निसर्गाचे बंधन आहे. लाव्यात नाही. त्याची उबवणी अठरा दिवसांची आहे, गिऱ्हाईक नसेल तर थांबता येते. एवढ्या लवकर सुरू करता येणारा आणि थांबवता येणारा दुसरा कुठला धंदा आपल्या हाती आहे?

परतखरेदीचे गोड बोलणे

शेवटचा मुद्दा, आणि आज मी मुख्यतः त्यासाठी उभा आहे.

शहामृगासारखा इमू पक्षी आठवतो का? पिल्लांच्या जोड्या चढ्या भावाने विकल्या, अंडी आणि मोठे पक्षी परत घेण्याची हमी दिली. २०१२ साली तमिळनाडूत पेरुंदुराईला हा डोलारा कोसळला. महाराष्ट्रातही शेतकऱ्यांच्या कुंपणात इमू उरले आणि खाद्याला पैसा उरला नाही. २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरला कडकनाथ कोंबडीचे तेच झाले. पक्षी वाईट नव्हता. कडकनाथ चांगली कोंबडी आहे.

मग चुकते कुठे? या योजनेत पक्षी खाणारे गिऱ्हाईक नसते. आज पक्षी घेणाऱ्याचा पैसा काल घेणाऱ्याला परतखरेदी म्हणून दिला जातो. जोपर्यंत नवे शेतकरी येतात तोपर्यंत जुन्यांना पैसे मिळतात, आणि तेच जुने शेतकरी भाबडेपणाने नव्यांना साक्ष देतात. ज्या दिवशी नवा शेतकरी येत नाही त्या दिवशी कार्यालयाला कुलूप लागते.

हे ओळखायला मोठे शिक्षण लागत नाही. दोन प्रश्न पुरेत. पहिला: "तुम्ही आमच्याकडून घेतलेली अंडी पुढे कोण खातो? त्याचे दुकान दाखवा." दुसरा: "तुमच्याकडून पक्षी न घेता, माझ्या घरी उबवलेल्या लाव्याची अंडी याच भावाने घ्याल का?" दुसऱ्या प्रश्नाला "नाही" असे उत्तर आले तर समजा की त्याला अंडी नको आहेत, त्याला पक्षी विकायचे आहेत.

लाव्याची गोष्ट अशी की तो स्वस्त आहे, लहान आहे, म्हणून शंका येत नाही. शंभर नाही, हजार पक्षी घेतो माणूस. कर्ज काढून शेड टाकतो. म्हणून माझे सांगणे असे. पहिल्या वर्षी तीस अंड्यांच्या वर जाऊ नका. कर्ज एक रुपयाचे नको. वही ठेवा. किती घातली, किती फुटली, किती मेली, किती खाल्ले, किती विकले, किती तास गेले. वर्षाच्या शेवटी वही स्वतः बोलेल. तिने हो म्हटले तर वाढवा, नाही म्हटले तर दहा पक्षी अंगणात शोभेला राहू द्या, पोरे खूष राहतील.

आणि एक स्पष्ट सांगतो. कपाशीत पडलेला खड्डा लाव्याच्या अंड्यांनी भरून निघणार नाही. कापसाला भाव मिळत नाही म्हणून जोडधंदा करा, असे जे सांगतात त्यांना कापसाच्या भावाबद्दल बोलायचे नसते. कापसाचा हिशोब कापसातच मागायचा, लाव्याचा लाव्यात. दोन्ही वह्या वेगळ्या ठेवा.

इथे बसलेल्या मायबहिणींपैकी ज्यांना लावा पाळायचा आहे त्यांनी जाताना नावे द्यावीत. दिवाळीनंतर पाच-सहा घरांनी मिळून एकाच वेळी अंडी आणावीत, म्हणजे आणण्याचा खर्च वाटला जाईल आणि नरांची अदलाबदलही जमेल. पुढच्या वर्षीच्या बैठकीला येताना पक्षी आणू नका, वह्या आणा. त्या सगळ्या वह्यांची बेरीज या जागी सर्वांसमोर करू, आणि जो आकडा निघेल तो, फायद्याचा असो की तोट्याचा, याच अंकात छापू.